कोसबादचे शंख-शिंपले

डहाणू तालुक्यात नवा शिक्षक रुजू झाला की मी त्याला आधी कोसबादच्या टेकडीवर नेते. टॅब, प्रोजेक्टर, क्यूआर कोड हे सगळं त्याला येतंच. साधन मुलापर्यंत पोचायला काय काय करावं लागतं, ते मात्र इथे समजतं.

इथलं बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये याच तालुक्यातल्या बोर्डीला आल्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबरचं काम, १९२६ चा नूतन बालशिक्षण संघ, दादरचं शिशुविहार एवढं सगळं गाठीशी होतं. अनुताई वाघ त्यांना बोर्डीतच येऊन मिळाल्या. गावातली गरिबांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. आधी अंघोळ, नखं, केस, मग गाणी-गोष्टी. खरूज झालेलं, डोक्यात उवा असलेलं मूल नीट बसू शकत नाही, तर शिकणार कसं? मुलाचं स्वास्थ्य हा आज प्रशिक्षणातला वेगळा तास असतो. तिथे दिवसाची सुरुवातच त्याने होई.

मॉन्टेसोरीची साधनं महागडी. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे रंगाने, आकाराने सारखे. बदलतं ते फक्त माप, १ सेंटिमीटरपासून १० पर्यंत. खेड्यात ते परवडणारे नव्हते. म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पानं-फुलं आली. याला काटकसर म्हणणं मला पटत नाही. ठोकळ्यात काय बघायचं ते साधन करणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. शिंपल्यात रंग, माप, खरखर, चमक सगळं एकदमच असतं, त्यातलं काय बघायचं ते मूल ठरवतं. माझ्या वर्गात किनाऱ्याकडच्या एका मुलाने शिंपल्यांचे दोन ढीग केले. लहान-मोठे नव्हेत, पांढरे-रंगीतही नव्हेत. विचारलं तर एकेक शिंपला अंगठ्यावरून फिरवत म्हणाला, ‘बाई, हे पाय कापणारे, हे न कापणारे.’ समुद्राने कडा झिजवलेले एकीकडे, नुकते फुटलेले दुसरीकडे. वर्गीकरणाचा टॅबवरचा खेळ मी वापरते; त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं. या मुलाला तिथे लाल फुलीच मिळाली असती.

१९५७ मध्ये काम कोसबादला हललं आणि खरी कसोटी वारली पाड्यांवर लागली. मोठी मुलगी शाळेत येत नसे, कारण कडेवर धाकटं भावंड. मोठा मुलगा गुरांमागे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, या सगळ्याला नाव दिलं विकासवाडी. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली, गुरं चरतात तिथेच. कोणाचं मूल का येत नाही हे घरोघर जाऊन विचारल्याशिवाय असा बेत सुचत नाही. हजेरी घटली की आईबापांना दोष देणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी अनुताईंचं ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र एकदा तरी डोळ्यांखालून घालावं, असं मला कळकळीने वाटतं.

२०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा ऑनलाइन वर्गाचा दुवा पाठवा, असा निरोप आला. पाड्यावर घरटी फार तर एक फोन, तोही बापाबरोबर कामावर जायचा. आम्ही दोघी शिक्षिका ओट्या-ओट्यांवर जाऊन बसलो, पाच-सहा मुलं घेऊन, अंतर ठेवून. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर गेली. त्या मुलांपर्यंत आम्ही पोचलो नाही, आणि तो प्रश्न दर वर्षी तसाच उभा राहतो. त्यांच्यासाठी कुरणशाळेसारखं काही भट्टीवरच उभं राहायला हवं.

टॅबवर माझा राग नाही. हल्ली मुलांनी ढीग लावले की त्यांचा फोटो मी टॅबवर काढायला लावते आणि ढीग कशावरून केले ते त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच वारलीत बोलून ठेवायला सांगते. मग ते ऐकून दुसरी मुलं तोच ढीग मोडतात आणि आपल्या नियमाने पुन्हा लावतात.