बाळंतिणीच्या खोलीतील ओवा

रत्नागिरीकडच्या जुन्या घरांत बाळंतिणीची खोली कोणती, हे परक्यालाही विचारावे लागत नसे. करवंट्यांच्या निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा आणि वेखंड पडले की त्या धुरीचा उग्र दर्वळ माजघर ओलांडून पडवीपर्यंत येई. ओवा हे काही या जांभ्याच्या मुलखातले पीक नव्हे; घाटावरून आंबा घाट उतरून, किंवा मुंबईकडून गलबतांनी येणारा तो विकतचा जिन्नस, आणि तरीही ज्या घरी रोकड क्वचितच दिसे त्या घरीही बाळंतपणाआधी तो आठवणीने आणून ठेवीत.

या आग्रहामागचे द्रव्य पेठेत ‘ओव्याचे फूल’ या नावाने मिळे. ओव्याचे ऊर्ध्वपातन करून निघालेले तेल थंड झाले की त्यात स्फटिक जमतात. कास्पार नॉयमान या जर्मन रसायनज्ञाने १७१९ साली थाइम नामक युरोपीय वनस्पतीच्या तेलातून जे थायमॉल मिळविले, तेच हे. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातील ओवा जर्मनीस जाई आणि तेथील कारखान्यांत त्याचे थायमॉल होई. १९१४ साली तो व्यापार तुटला, तेव्हा कुठे आपल्या देशात ते काढण्याची निकड भासली. कच्चा माल आपला आणि विद्या परक्याची, हे शल्य मला आजही बोचते. इंग्रज शल्यविशारद लिस्टरने १८६७ साली शस्त्रक्रियेच्या जखमांसाठी ज्याचा पुरस्कार केला, त्या कार्बॉलिक आम्लाच्याच कुळातले हे द्रव्य जंतूच्या पेशीचे आवरण सैल करते, आतील क्षार बाहेर झिरपतात आणि जंतू मरतो.

म्हणून आपल्या आज्यांना सर्व काही ठाऊक होते, असे जे अभिमानाने म्हटले जाते, ते मात्र मला मान्य नाही. प्रयोगशाळेत जंतू मारते ते मोजून घातलेले तेल. निखाऱ्यावरच्या धुरात त्याचा अंश किती उरतो याचा काही भरवसा नाही, आणि तो धूर तान्ह्याच्या कोवळ्या छातीत जातो, ते निराळेच. हात धुण्याने सूतिकाज्वर टळतो हे सेमेलवाइस या डॉक्टरने व्हिएन्नात १८४७ सालीच दाखविले होते. आपल्याकडे मात्र खोली धुरीने भरून जाई आणि नाळ कापण्याचे पाते न उकळलेलेच राही, त्यातून धनुर्वात शिरे, आणि दोष सटवाईच्या माथी जाई.

ज्यांच्या घरी आज बाळंतीण आहे त्यांना एवढीच विनंती, की ओवा तिच्या विड्यात खुशाल घालावा. शेगडी मात्र खोलीबाहेर ठेवावी, बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावाचून नाळेला काहीही लावू नये.