दारासिंगांचे देमारपट

दारासिंगांचे देमारपट म्हणजे कुस्तीगीर दारासिंग रंधावा (१९ नोव्हेंबर १९२८ – १२ जुलै २०१२) यांना नायकाच्या भूमिकेत घेऊन प्रामुख्याने १९६० च्या दशकात मुंबईत निर्माण झालेले हिंदी चित्रपट होत. कुस्ती, अद्भुतरम्य कथा, राक्षस, जादूगार, दुष्ट राजे आणि श्रवणीय गाणी यांचे मिश्रण हे त्यांचे वैशिष्ट्य. अल्प खर्चात तयार झालेले यांतील बहुतेक चित्रपट कृष्णधवल आहेत. समीक्षकांनी त्यांना दुय्यम दर्जाचे मानले. प्रेक्षकांनी मात्र ते आवडीने पाहिले. याच काळात मेक्सिकोत मुखवटाधारी मल्लांचे भयपट लोकप्रिय झाले होते. त्यांच्याशी या चित्रपटांचे लक्षणीय साम्य आढळते.

पार्श्वभूमी

मारामारी आणि साहस यांना प्राधान्य देणाऱ्या चित्रपटांची परंपरा मूकपटांच्या काळापासूनची आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल हे त्या काळातील आघाडीचे साहसी नायक होते. भारताच्या पहिल्या बोलपटाचे, म्हणजे ‘आलम आरा’चे (१९३१) नायकही तेच होते. पुढे वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’ (१९३५) या चित्रपटाने नादिया यांना लोकप्रियता मिळवून दिली आणि देमारपट हा स्वतंत्र प्रकार म्हणून स्थिरावला.

दुसरा धागा कुस्तीचा. महाराष्ट्रात लाल मातीतील कुस्तीला मोठी प्रतिष्ठा आहे. कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी उभारले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. या मातीतील कुस्तीच्या जोडीला मुंबईसारख्या शहरांत दोरखंडांनी वेढलेल्या रिंगणातील ‘फ्रीस्टाईल’ कुस्त्या तिकीट लावून होऊ लागल्या. या व्यावसायिक कुस्तीत बळाइतकेच नाट्यही महत्त्वाचे असते. दारासिंग यांनी १९५४ मध्ये ‘रुस्तम-ए-हिंद’ हा किताब मिळवला, तर १९५९ मध्ये ते राष्ट्रकुल विजेते ठरले. ‘किंग काँग’ या नावाने रिंगणात उतरणारे अजस्र देहाचे मल्ल एमिल झाया यांच्याशी झालेल्या त्यांच्या लढती विशेष गाजल्या.

प्रमुख चित्रपट

बाबूभाई मिस्त्री यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘किंग काँग’ (१९६२) या चित्रपटाने दारासिंग नायक म्हणून प्रस्थापित झाले. त्याच नावाच्या अमेरिकन चित्रपटातील महाकाय वानराशी या कथेचा संबंध नाही. मिस्त्री हे दिग्दर्शक होण्यापूर्वी चमत्कारदृश्यांचे तज्ज्ञ म्हणून प्रसिद्ध होते. ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) या चित्रपटात काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून त्यांनी अदृश्य माणसाचा आभास निर्माण केला. त्यावरून त्यांना ‘काला धागा’ हे टोपणनाव मिळाले.

त्यानंतर ‘फौलाद’ (१९६३), ‘सॅमसन’ (१९६४), ‘हर्क्युलिस’ (१९६४), ‘सिकंदर-ए-आझम’ (१९६५) आणि ‘टारझन कम्स टू दिल्ली’ (१९६५) हे चित्रपट आले. ग्रीक दंतकथा, बायबल, अरबी कथा आणि अमेरिकन जंगलपट अशा कोणत्याही भूमीतला वीर दारासिंग साकारत असत. ‘चांद पर चढाई’ (१९६७) या चित्रपटात तर ते अंतराळवीर होऊन चंद्रावर उतरतात आणि तेथील योद्ध्यांशी व राक्षसांशी झुंजतात. मानवाचे पहिले पाऊल प्रत्यक्ष चंद्रावर पडले ते त्यानंतर दोन वर्षांनी, १९६९ मध्ये.

मेक्सिकन मल्लपटांशी साम्य

‘किंग काँग’ ज्या वर्षी प्रदर्शित झाला त्याच १९६२ या वर्षी मेक्सिकोत ‘सांतो विरुद्ध रक्तपिपासू स्त्रिया’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट आला. रुपेरी मुखवटा घालणारे सांतो, म्हणजे रोदोल्फो गुस्मान उएर्ता (१९१७–१९८४), हे तेथील लोकप्रिय व्यावसायिक मल्ल होते. त्यांनी पन्नासहून अधिक चित्रपटांत पिशाच्चे, वेडे शास्त्रज्ञ आणि जिवंत झालेली शवे यांच्याशी कुस्ती केली. सांतो यांनी सार्वजनिक जीवनातही मुखवटा जपला आणि त्यांचे दफनही मुखवट्यासह झाले.

दोन्ही देशांत रिंगणात नाव कमावलेला मल्लच पडद्यावर आला, आणि संकट कितीही अमानवी असले तरी त्यावरचा उपाय कुस्तीचा डाव हाच राहिला. भेद एवढाच की सांतो यांची ओळख मुखवट्यात होती, तर दारासिंग यांची उघड्या चेहऱ्यात आणि देहयष्टीत.

आस्वादाचे स्वरूप

या चित्रपटांतील किल्ले पुठ्ठ्याचे आहेत आणि राक्षस म्हणजे सोंग घेतलेली माणसे आहेत, हे प्रेक्षकांना त्या काळीही कळत होते. छोट्या शहरांतील चित्रपटगृहे आणि जत्रांमधील तंबू ही देमारपटांची हक्काची ठिकाणे होती. तेथील प्रेक्षक लोकनाट्याच्या संकेतांना सरावलेला होता. रत्नागिरी जिल्ह्यातील नमन-खेळ्यांमध्ये काळ्या पोशाखातील संकासुर येतो. मुखवट्याआडचा माणूस गावातलाच आहे हे सर्वांना ठाऊक असते, तरी लहान मुले घाबरतात आणि मोठी माणसे हसतात. दशावतारातील युद्ध खरे नसते, म्हणून ते कमी रंगत नाही.

देमारपटांचा आनंद याच जातीचा आहे. सोंग उघड असल्यामुळे प्रेक्षक भयातही निर्धास्त राहतो. मात्र या खोट्या जगात एक गोष्ट खरी असते, ती म्हणजे नायकाचे बळ. वास्तव सजावटीत नसून शरीरात आहे, ही जाणीव या प्रकाराचा गाभा होय. म्हणूनच त्यांतील भाबडेपणाला हसणे आणि नायकाबद्दल आदर वाटणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य होतात.

मूल्यमापन

‘दुय्यम दर्जा’ या शिक्क्याची किंमत कलावंतांना मोजावी लागली. ‘फौलाद’पासून दारासिंग यांच्या अनेक चित्रपटांत नायिका असलेल्या मुमताज दीर्घकाळ ‘देमारपटांची नायिका’ म्हणूनच ओळखल्या गेल्या. ‘दो रास्ते’ (१९६९) या चित्रपटाने त्यांना पहिल्या फळीत स्थान मिळाले आणि ‘खिलौना’साठी (१९७०) त्यांना फिल्मफेअर पुरस्कार लाभला. संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा पहिला प्रदर्शित चित्रपट ‘पारसमणी’ (१९६३) हादेखील मिस्त्री यांचा अद्भुतपटच होता.

वारसा

दारासिंग यांनी ‘बजरंगबली’ (१९७६) या चित्रपटात आणि ‘रामायण’ (१९८७) या दूरदर्शन मालिकेत हनुमानाची भूमिका केली. तालमीत मारुतीची मूर्ती असतेच. त्यामुळे पहिलवानाने मारुती साकारणे महाराष्ट्रातील प्रेक्षकांना स्वाभाविक वाटले. ‘दारासिंग’ हा शब्द मराठी बोलण्यात बलदंड माणसासाठी सामान्यनामासारखा रूढ झाला.

राक्षसाचे सोंग पुढे रामसे बंधूंच्या भयपटांत आले. त्यांपैकी ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) या चित्रपटाचे चित्रीकरण महाबळेश्वर येथे झाले. मराठीत महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातील तात्या विंचू हा बाहुला भय आणि हसू यांच्या अशाच मिश्रणामुळे लोकप्रिय ठरला.

जतन

पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये, या देमारपटांच्या ऐन बहराच्या काळात झाली. तोपर्यंत भारतीय मूकपटांपैकी बहुतांश नष्ट झाले होते. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. एखादा चित्रपट केवळ करमणुकीचा म्हणून बाजूला पडला की त्याची प्रत जपण्याची निकडही कोणाला वाटत नाही. त्यामुळे देमारपटांच्या बाबतीत जतनाचा प्रश्न प्रतिष्ठेच्या प्रश्नाशी जोडलेला आहे.