जुन्या लायका कॅमेऱ्याचा वापर, निगा आणि पाठशुद्धी

इतिहासाची साधने म्हणून आपण शकावल्या, ताम्रपट, नाणी यांचा विचार करीत आलो आहोत. त्यांत जुन्या छायाचित्रांची भर पडली हे चांगलेच झाले. ज्या कॅमेऱ्याने ती छायाचित्रे घेतली गेली तो कॅमेरा मात्र साधनांच्या यादीत क्वचितच आढळतो. तो एक तर काचेच्या कपाटात शोभेसाठी ठेवला जातो, किंवा एखाद्या हौशी माणसाच्या हाती पडून नवा दिसेल इतका घासूनपुसून निघतो. पहिल्या प्रकारात त्याच्या ठायी साठलेली माहिती अभ्यासकास मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात ती कायमची नाहीशी होते. प्रस्तुत लेखात जर्मनीतील वेट्झलार येथे तयार झालेल्या लायका कॅमेऱ्याच्या आधारे असे दाखवावयाचे आहे की, जुने यंत्र वापरण्याचे आणि जपण्याचे जे नियम आहेत ते त्याच्या इतिहासाचेच अवशेष होत. म्हणून त्याच्या दुरुस्तीस पाठसंपादकाची शिस्त लावली पाहिजे. लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्याने काही दाखले त्या अंगाने येतील, ते वाचकांनी चालवून घ्यावे.

वेट्झलारचा एर्न्स्ट लाइट्झ यांचा कारखाना सूक्ष्मदर्शकांबद्दल प्रसिद्ध होता. ऑस्कार बार्नाक (१८७९–१९३६) हा कुशल यंत्रज्ञ १९११ साली तेथे दाखल झाला. त्यास छायाचित्रणाची आवड होती आणि दम्याचा विकारही होता. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा पाठीवर घेऊन डोंगर चढणे त्यास झेपत नसे. चित्रपटासाठी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्या काळी सर्वत्र मिळू लागली होती. चित्रपटाच्या यंत्रात ही फिल्म उभी सरकते व तीवरील प्रत्येक चौकट १८ गुणिले २४ मिलिमीटर असते. बार्नाकने फिल्म आडवी सरकवली आणि दोन चौकटींची जागा एका चित्रास दिली. २४ गुणिले ३६ मिलिमीटर हे माप असे सिद्ध झाले. १९१४ पर्यंत त्याचा पहिला नमुना तयार होता. पण महायुद्धामुळे पुढचे काम रखडले. १९२० साली वेट्झलार गावात पूर आला तेव्हा बार्नाकने या नमुन्याने काढलेली चित्रे आजही उपलब्ध आहेत. १९२४ मध्ये दुसऱ्या एर्न्स्ट लाइट्झ यांनी कॅमेरा बाजारात आणण्याचा निर्णय घेतला, माक्स बेरेक याने त्यासाठी भिंग आखले, आणि १९२५ च्या लाइपझिग येथील वसंत ऋतूतील जत्रेत तो लोकांपुढे आला. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव लायका झाले. कॅमेरा या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ खोली. हिंदीतील ‘कमरा’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्दही त्याच मुळाचा आहे.

आता वापराच्या नियमांकडे वळू. लायकाचे शटर म्हणजे रबराचा लेप दिलेल्या कापडाचे दोन पडदे. चावी दिली की ते एका बाजूस जातात. कळ दाबली की पहिला पडदा सुटतो, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि दोहोंमधील फटीतून फिल्मवर प्रकाश पडतो. बार्नाकच्या पहिल्या नमुन्यात चावी देतानाही ही फट उघडीच राहत असे. त्यामुळे चावी देण्यापूर्वी भिंगावर झाकण घालणे अपरिहार्य होते. १९२५ च्या विक्रीस आलेल्या कॅमेऱ्यात चावी देताना पडद्यांच्या कडा एकमेकींवर चढतात व फट बंद राहते. झाकणाची ती गरज संपली. तरीही झाकण वापरण्याची रीत टिकली, आणि तिला दुसरे काम मिळाले. भिंग सूर्याकडे रोखलेले राहिले तर ते आतशी काचेप्रमाणे काम करते व पडद्याच्या कापडास टाचणीच्या टोकाएवढे भोक पडते. पडदा कापडाचा आहे तोवर हा धोका आहे. म्हणून जुना लायका उन्हात गळ्यात अडकवून फिरावयाचे असल्यास झाकण घालणेच इष्ट. मराठी लेखनातील अनुच्चारित अनुस्वार उच्चार गेल्यावरही कित्येक पिढ्या टिकले होते व १९६२ च्या नियमांनी ते गेले, हे विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. झाकणास मात्र नवे प्रयोजन लाभल्यामुळे ते टिकून राहिले.

दुसरा नियम वेगाच्या चकतीचा. १९५४ चा एम-तीन येण्यापूर्वीच्या लायकांत, ज्यांत भिंग आट्यांनी बसते, ही चकती शटरच्या आसाशी जोडलेली असते आणि कळ दाबताच स्वतःही फिरते. त्यामुळे वेग नेहमी चावी दिल्यानंतरच, चकती वर उचलून लावावयाचा. आधी पाहिल्यास चकतीवरील आकडा खुणेसमोर खरा येत नाही. कळ दाबताना चकतीस बोट लागले तर शटर अडखळते आणि चित्र बिघडते. नवख्या माणसाचे निम्मे अपयश येथेच असते.

याच चकतीवरील अक्षरे व आकडे कालनिर्णयास फार उपयोगी पडतात. आरंभीच्या लायकांवर १/२०, १/३०, १/४०, १/६०, १/१००, १/२०० व १/५०० सेकंद असे वेग आढळतात. १९३५ च्या तीन-ए या प्रकारात १/१००० ची भर पडली. १९५७ च्या तीन-जी मध्ये १/३०, १/६०, १/१२५ अशी दुपटीने चढणारी नवी श्रेणी आली. शुद्धलेखनाच्या धाटणीवरून हस्तलिखिताचा काळ ताडावा तसेच हे आहे. शटर हवा तितका वेळ उघडे ठेवण्याच्या खुणेसाठी जुन्या चकतीवर ‘झेड’ हे अक्षर आहे. ते ‘त्साइट’, म्हणजे वेळ, या जर्मन शब्दाचे आद्याक्षर होय; पुढील लायकांवर त्याच्या जागी ‘बी’ आला. १९३४ पासून खारकिव येथे, झेर्झिन्स्की यांच्या नावाने चालणाऱ्या मुलांच्या श्रमवसाहतीत, लायकाची हुबेहूब नक्कल तयार होऊ लागली. फेलिक्स एड्मुंडोविच झेर्झिन्स्की या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला फेड म्हणत. या फेडच्या चकतीवरही तोच लॅटिन लिपीतील ‘झेड’ आहे, वास्तविक रशियन भाषेत त्यास काहीच अर्थ नाही. पोथी उतरून घेणारा लेखक न कळलेले अक्षर जसेच्या तसे वळवून काढतो, आणि त्यावरूनच मूळ प्रत कोणती हे आपणांस कळते. त्याचे याहून बोलके उदाहरण यंत्रांच्या जगात मिळणे कठीण.

नक्कल जेथे किंचित चुकते तेथे वापरणाऱ्याने सावध राहिले पाहिजे. लायकाच्या भिंगाच्या बैठकीचा व्यास ३९ मिलिमीटर, पण आटे मात्र इंचास २६, अशी मेट्रिक व इंग्रजी मापांची सरमिसळ आहे. आरंभीच्या फेडचे आटे एक मिलिमीटर अंतराने पाडलेले असत. हा फरक डोळ्यांस दिसत नाही; परंतु एकाचे भिंग दुसऱ्यावर काही वेढे जाऊन अडकते. असे अडकलेले भिंग बळाने फिरवू नये, आटे मोडतात.

फिल्म भरण्याची रीतही अशीच जुन्या रचनेतून आलेली. या लायकांची पाठ उघडत नाही. तळाची पट्टी काढून, फिल्मचे रीळ आणि गुंडाळण्याची चकरी एकदम, खालून आत सारावी लागतात. यासाठी फिल्मचे टोक सुमारे दहा सेंटिमीटर लांबीपर्यंत अरुंद कापलेले असले पाहिजे. आज दुकानात मिळणाऱ्या फिल्मचे टोक पाठ उघडणाऱ्या कॅमेऱ्यांच्या बेताने आखूड कापलेले असते. ते तसेच भरले तर फिल्मची कड शटरच्या चौकटीत अडते, तिचा बारीक तुकडा मोडतो आणि दात्यांत जाऊन बसतो. म्हणून कात्रीने टोक लांबवून घ्यावे. कापताना छिद्रातून कात्री जाऊ देऊ नये. मागे गुंडाळण्याचे बटण हलके ताणून फिल्म घट्ट करावी. मग चावी देताना ते बटण उलट फिरू लागले म्हणजे फिल्म खरोखर सरकते आहे असे समजावे. ही खात्री न करता छत्तीस चित्रे काढून रिकामी फिल्म धुणाऱ्यांची संख्या लहान नसावी.

निगेविषयी पुस्तकांत आढळणाऱ्या सूचना बहुधा युरोपातील हवेला धरून असतात. कोकणपट्टीत व मुंबईत जून ते सप्टेंबर हा काळ भिंगांस घातक असतो. दमट हवेत, बंद जागी, भिंगांच्या आतील बाजूस बुरशीचे तंतू पसरतात. वेळीच उघडून पुसले तर ते निघतात. वर्षानुवर्षे राहिले तर काचेवरच कोरल्यासारखे व्रण उरतात, आणि त्यांवर उपाय नाही. चामड्याची पेटी दिसावयास सुंदर, पण ती ओल धरून ठेवते व पितळेच्या भागांवर हिरवा कळंक चढतो. पावसाळ्यात कॅमेरा पेटीतून काढून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवावा. पुडीतील निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर तापवून पुन्हा वापरावे. कपड्यांच्या कपाटातील डांबराच्या गोळ्या येथे नकोत, त्यांची वाफ भिंगावर बसते. भिंग पुसण्याआधी धूळ फुंकणीने व मऊ कुंचल्याने काढावी. १९३३ च्या झुमार भिंगाची पुढची काच इतकी मऊ आहे की निष्काळजीपणे पुसलेले झुमार हेच आज अधिक आढळते. महिन्यातून एकदा सर्व वेगांवर शटर चालवावे आणि ठेवताना चावी दिलेली ठेवू नये. वंगण सुकले की प्रथम मंद वेग रेंगाळतात. अशा वेळी बाहेरून तेलाचा थेंब सोडण्याचा मोह अनेकांस होतो. ते तेल पडद्यांपर्यंत आणि पुढे भिंगापर्यंत जाते.

येथवर सांगितलेली निगा कोणीही मान्य करील. खरा मतभेद दुरुस्तीच्या बाबतीत आहे. लाइट्झ कंपनी जुन्या लायकांचे नव्या प्रकारात रूपांतर करून देत असे. १९२५ नंतरच्या पहिल्या प्रकारातील कॅमेरा वेट्झलारला पाठवला की त्यास १९३२ च्या लायका दोनप्रमाणे भिंगाशी जोडलेला अंतरमापक, किंवा १९३३ च्या लायका तीनप्रमाणे मंद वेग बसवून मिळत. अंगावरचा क्रमांक मात्र पहिलाच राही. तेव्हा क्रमांकावरून फक्त कॅमेऱ्याचा जन्म कळतो. आज हातात असलेल्या रचनेचा काळ कळत नाही. हे फेरफार प्रक्षेप म्हणून काढून टाकावयाचे की नाही? लेखकाच्या मते काढू नयेत. ते कारखान्यानेच केलेले, दिनांकित होऊ शकणारे थर आहेत, आणि त्यांत मालकाच्या गरजांचा व ऐपतीचा इतिहास आहे. याउलट फेड किंवा १९४८ पासून क्रास्नोगोर्स्क येथे बनलेला झोर्की यांवरील अक्षरे घासून लायका असे नाव कोरलेले कॅमेरे ही सरळ बनावट होय. ती ओळखण्याची एक सोपी खूण अशी : भिंग काढून आत पाहिल्यास लायकामध्ये अंतरमापकाच्या दांडीच्या टोकास लहान गोल चाक असते, फेड व झोर्कीमध्ये तेथे चपटी जीभ असते. २०२२ साली बार्नाकच्या स्वतःच्या वापरातील चाचणीमालिकेचा कॅमेरा, क्रमांक १०५, लिलावात १ कोटी ४४ लक्ष युरोंस गेला. असे आकडे प्रसिद्ध होत राहतील तोवर बनावट कमी होणार नाही, आणि साधे, झिजलेले, प्रामाणिक कॅमेरे नवे करून विकण्याचा उद्योगही थांबणार नाही.

कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून खालचे पितळ दिसू लागते, व्हल्कनाइटचे आवरण ठिसूळ होऊन टवके निघतात. कोणत्या कोपऱ्याचा रंग अधिक उडाला आहे यावरून कॅमेरा कसा धरला जाई हे कळते. रंग पुन्हा दिला की हा पुरावा गेला. पडद्याच्या भोकाचे तर महत्त्व त्याहून मोठे आहे. भोक पडद्यात ठरावीक जागी असल्याने त्याचा काळा ठिपका प्रत्येक निगेटिव्हवर त्याच जागी उमटतो आणि छापात तेथे पांढरा डाग येतो. मालकाचे नाव नसलेला निगेटिव्हचा गठ्ठा आणि कोठे तरी दुसरीकडे सापडलेला कॅमेरा यांची सांगड घालण्यास असा ठिपका पुरेसा होऊ शकतो. हस्ताक्षरातील एखाद्या विशिष्ट लकबीवरून आपण लेखक ओळखतो, त्यातलाच हा प्रकार. दुरुस्ती करणारा पडदा बदलतो तेव्हा आपण ही लकब पुसतो आहोत याची त्यास जाणीव नसते. त्यास दोषही देता येत नाही, कारण आपण अभ्यासकांनी त्यास ते कधी सांगितलेले नाही.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू झाले व १९६६ साली पुरे झाले. १९२५ साली, म्हणजे योगायोगाने लायका बाजारात आला त्याच वर्षी, डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रधान संपादक झाले. स्वतःच्या तर्काने पाठ बदलण्याच्या बाबतीत ही आवृत्ती अत्यंत संयमी आहे. जेथे पाठ निश्चित नाही तेथे त्याखाली नागमोडी रेघ दिली आहे, आणि नाकारलेले पाठ तळटीपांत जपले आहेत. कॅमेऱ्याच्या बाबतीत याच रीतीने वागता येईल. पडदा निकामी झाला असेल व कॅमेरा वापरावयाचा असेल तर तो जरूर बदलावा. न वापरलेल्या यंत्राचे वंगण गोठते हे वर आलेच आहे. मात्र बदलण्यापूर्वी एक फिल्म सर्व वेगांवर काढून ती न कापता ठेवावी. चौकटीच्या कडा, ठिपके, लांबवर गेलेले ओरखडे या सर्वांची ती साक्ष राहील. काढलेला पडदा, बदललेले स्क्रू, व्हल्कनाइटचे टवके पाकिटात घालून वर क्रमांक व दिनांक लिहावा. नवा भाग कोणता, तो कोणी व केव्हा बसवला, याचे टिपण कॅमेऱ्याबरोबर राहावे. अंगावर मात्र काही कोरू नये.

लाइट्झने पुढे दस्तऐवजांच्या नकलांसाठी रेप्रोविट नावाचे उपकरण काढले, आणि लायकाने हस्तलिखितांच्या नकला घेण्याची सोय झाली. अशा नकलांच्या जुन्या फिल्मा ज्या ग्रंथालयांत असतील तेथील विद्यार्थ्यांनी पोथीच्या अक्षरांबरोबर चौकटीच्या कडाही पाहाव्यात. प्रत्येक पानावर एकाच जागी येणारा ठिपका टिपून ठेवण्यास एका ओळीहून अधिक श्रम पडत नाहीत. आणि एकाच संग्रहातील दोन फिल्मांवर तो वेगवेगळ्या जागी आढळला, तर नकला दोन कॅमेऱ्यांनी घेतल्या की मधल्या काळात एकाच कॅमेऱ्याचा पडदा बदलला, हा प्रश्न त्या टिपणाशिवाय सुटावयाचा नाही.