यंग इंडिया: मुंबईतली छोटी रेकॉर्ड कंपनी, जिची गाणी आता फक्त जुन्या तबकड्यांत उरली आहेत

घर बदलताना माळ्यावरून काळ्या, जड तबकड्यांचा गठ्ठा निघतो. लालबाग-गिरगावची चाळ सोडून मीरा रोड किंवा भाईंदरच्या फ्लॅटमध्ये येणाऱ्या कुटुंबाकडे त्यासाठी जागा नसते. मग गठ्ठा जातो भंगारात. पण त्यातल्या एखाद्या तबकडीवर 'यंग इंडिया' असं लिहिलेलं असेल, तर थांबा.

यंग इंडिया म्हणजे काय?

'नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' ही मुंबईतली कंपनी. १९३५ ते १९५५ या काळात तिने 'यंग इंडिया' या लेबलखाली रेकॉर्ड काढल्या. तेव्हा बाजारावर एचएमव्हीचा दबदबा होता. कोलकात्याजवळ डमडमला त्यांचा मोठा कारखाना होता आणि नावाजलेले बहुतेक कलाकार त्यांच्याकडेच होते.

मग छोट्या कंपनीने काय करायचं? यंग इंडियाने नवख्या आणि हौशी कलाकारांना माइकसमोर उभं केलं. चित्रपटगीतं, भावगीतं, शास्त्रीय संगीत, शैक्षणिक रेकॉर्ड असा हजारो तबकड्यांचा पसारा तयार झाला.

छोटी लेबलं महत्त्वाची का असतात?

अमेरिकेतलं उदाहरण पाहा. मेम्फिस शहरात सॅम फिलिप्स यांनी १९५२ मध्ये 'सन रेकॉर्ड्स' सुरू केलं. मोठ्या कंपन्या ज्यांच्याकडे फारसं लक्ष देत नव्हत्या, अशा कृष्णवर्णीय ब्लूज कलाकारांना ते रेकॉर्ड करत. १९५३ मध्ये एक तरुण त्यांच्या स्टुडिओत पदरचे पैसे भरून गाणं रेकॉर्ड करायला आला. तो एल्विस प्रेस्ली. पुढच्याच वर्षी त्याने आर्थर क्रुडप यांचं एक जुनं ब्लूज गाणं वेगळ्या ठेक्यात म्हटलं. ब्लूज आणि गोऱ्या ग्रामीण संगीताच्या या मिश्रणाला पुढे 'रॉकाबिली' म्हणू लागले. १९५५ मध्ये सनने एल्विसचा करार आरसीए कंपनीला ३५ हजार डॉलरला विकला.

सनची गाणी पुन्हा पुन्हा बाजारात येत राहिली. त्याच १९५५ साली यंग इंडिया मात्र बंद पडली. एचएमव्हीची जुनी गाणी पुढे एलपी, कॅसेट आणि सीडीवर आली. यंग इंडियाच्या वाट्याला ते आलं नाही.

मग ही गाणी कुठे आहेत?

प्रामुख्याने संग्राहकांकडे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेच्या मंडळींनी अशा तबकड्या शोधून जपल्या. ब्रिटिश लायब्ररीच्या 'एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज' उपक्रमातून यंग इंडियाच्या रेकॉर्डचं डिजिटायझेशनही झालं.

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. म्हणजे १९५५ पर्यंतच्या ध्वनिमुद्रणांची मुदत संपली आहे. मात्र गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात. ते गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतात.

तुमच्या घरी तबकडी असेल तर?

• स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नका. या तबकड्या लाखेपासून बनतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. मऊ, कोरडं कापड पुरेसं आहे.
• आडव्या रचू नका. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. त्या पडल्या की काचेसारख्या फुटतात.
• एलपीच्या पिनेवर वाजवू नका. ७८ आरपीएमच्या तबकडीची खाच बरीच रुंद असते, तिला वेगळी पिन लागते.
• दोन्ही बाजूंच्या लेबलचे स्पष्ट फोटो काढा. गायकाचं नाव आणि रेकॉर्डचा क्रमांक नीट दिसला पाहिजे. अभ्यासकांना एवढ्यावरूनही गाणं ओळखता येतं.
• विकण्याआधी किंवा टाकण्याआधी एखाद्या संग्राहकाला दाखवा.

एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं असतं. त्या गायकाने आयुष्यात तेवढंच एक गाणं रेकॉर्ड केलेलं असू शकतं, आणि त्याची उरलेली एकमेव प्रत तुमच्या माळ्यावर असू शकते.