साखळीच्या आवाजाची साक्ष : जुन्या मोटारीच्या इंजिनपरीक्षेचा इतिहास

नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात कन्हान नदीच्या काठी वसलेले खापा हे गाव दोन कारणांनी ज्ञात आहे. एक तेथील कोष्ट्यांचे विणकाम आणि दुसरे परिसरातील मँगनीज. जवळची गुमगाव येथील खाण १९६२ साली स्थापन झालेल्या मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड या कंपनीच्या खाणींपैकी एक होय. मँगनीज हे पोलादातील गंधकाला बांधून ठेवते. ते नसेल तर तापलेले पोलाद लाटताना चिरते. म्हणून मोटारीच्या इंजिनातील पोलादी भागांना या धातूवाचून गत्यंतर नाही. खाणींच्या परिसरातून धातुक बाहेर गेले आणि कालांतराने बाहेरून यंत्रे आली. परंतु त्या यंत्रांचे दोष ओळखण्याचे ज्ञान कसे घडले, याची नोंद औद्योगिक इतिहासात क्वचितच आढळते. जुन्या मोटारीतील टायमिंग चेनचा आवाज ओळखण्याची विद्या हे अशा ज्ञानाचे एक बोलके उदाहरण आहे.

हान्स रेनॉल्ड याने १८८० साली मँचेस्टर येथे बुश असलेली रोलर साखळी सिद्ध केली. सायकलीपासून कारखान्यापर्यंत तिचा प्रसार झाला व पुढे ती मोटारीच्या इंजिनातही शिरली. तेथे तिचे काम नेमके असते. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होताना कॅमशाफ्टचा एकच फेरा व्हावा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह ठरल्या क्षणी उघडावा, ही जबाबदारी तिच्याकडे असते. सर्वच कंपन्यांनी मात्र साखळी स्वीकारली नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला व तो १९५४ साली बंद झाला. त्या काळच्या सहा सिलिंडरांच्या शेव्हरोलेत हे काम दातेरी चक्रे करीत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथे फियाट ११०० बनविली, तर उत्तरपाडा येथे अँबॅसडर तयार होऊ लागली. या दोन्ही गाड्यांच्या इंजिनांत साखळी होती. परवाना-पद्धतीच्या काळात नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे. त्यामुळे जुनी गाडी हातोहात फिरत राहिली आणि खरेदीपूर्वी इंजिन ‘ऐकणे’ हा व्यवहाराचाच भाग झाला.

या ऐकण्याला निश्चित क्रम होता. साखळी झिजते ती कड्या ताणल्या गेल्यामुळे नव्हे, तर प्रत्येक सांध्यातील पिन व बुश घासल्यामुळे. सांध्यासांध्यातील सूक्ष्म झीज एकत्र होऊन साखळी लांब होते, सैल पडते व झाकणावर आपटू लागते. तिचा खडखडाट इंजिनाच्या पुढील भागातून येतो. मंद गतीवर किंवा अॅक्सिलरेटर सोडताच तो स्पष्ट होतो. टॅपेटचा आवाज याहून हलका व नियमित असून वरच्या झाकणाखालून येतो. फीलर गेजने अंतर जुळविले की तो बहुधा थांबतो. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले असल्यास खोल ठोका ऐकू येतो. संबंधित सिलिंडरच्या प्लगची वायर काढली असता तो मंदावतो. साखळीच्या आवाजावर मात्र तिचा विशेष परिणाम होत नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला व मूठ कानाला लावून मिस्त्री आवाजाचे स्थान शोधीत. १८१६ साली लेनेकने स्टेथॉस्कोप काढला त्यामागील तत्त्व हेच होते.

कानाच्या साक्षीवर हा निर्णय संपत नसे. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून क्रँकशाफ्ट हाताने एका दिशेने व नंतर उलट दिशेने फिरविले जाई. रोटर हलण्यापूर्वी क्रँकशाफ्ट किती अंश मोकळा फिरतो, हे पाहिले की सैलपणाचा अंदाज येई; कारण रोटरला गती मिळते ती साखळीने फिरणाऱ्या कॅमशाफ्टकडून. डिस्ट्रिब्यूटरच्या स्वतःच्या दात्यांतील सैलपणा त्यातून वजा करावा लागे. येथे मिस्त्रीची रीत इतिहाससंशोधकाच्या रीतीजवळ येते. एकाच साक्षीदारावर न विसंबता दुसरे स्वतंत्र साधन शोधावे आणि त्या साधनाचाही दोष हिशेबात घ्यावा, हा दोहोंचा नियम आहे. तो मोडला तर किंमत खरी मोजावी लागे. टॅपेटचा आवाज साखळीचा समजला तर इंजिन विनाकारण उघडले जाई. साखळीचा आवाज टॅपेटचा समजला तर व्हॉल्व्हची वेळ मागे सरकून गाडीची ओढ कमी होई आणि शेवटी साखळी तुटून गाडी रस्त्यातच बंद पडे.

१९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये साखळीच्या जागी रबरी पट्टा होता. पट्टा खडखडत नाही. तो बहुधा पूर्वसूचना न देताच तुटतो, म्हणून ठरावीक अंतरानंतर बदलावा लागतो. त्या पिढीच्या गाड्यांत या बाबतीत कानाचे महत्त्व कमी झाले. पुढे मारुतीच्याच के-मालिकेतील इंजिनांत साखळी परत आली. आजच्या अनेक इंजिनांत तिचा ताण तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर सांभाळतो. त्यामुळे थंड इंजिन सुरू होताच क्षणभर खडखडून थांबणारा आवाज आणि गरम झाल्यावरही टिकणारा आवाज, यांत भेद करावा लागतो. पहिला बहुधा तेल उशिरा पोहोचल्याचे किंवा टेन्शनर दुबळा झाल्याचे लक्षण असतो, तर दुसरा वाढलेल्या झिजेचे. क्रँक व कॅम यांच्या स्थितीतील तफावत संगणक दोषसंकेताने दाखवितो. परंतु साखळी, टेन्शनर, तेल की सेन्सर, यांपैकी दोषी कोण, याचा निवाडा मनुष्यालाच करावा लागतो.

यंत्रविद्येचा इतिहास कारखान्यांच्या स्थापनेच्या वर्षांवर लिहिला जातो. परंतु यंत्राचे आयुष्य कारखान्याबाहेर जाते आणि तेथे त्याला टिकविणारे ज्ञान बहुतांशी अलिखित असते. खाप्यासारख्या गावाचे नाव औद्योगिक इतिहासात खनिजाच्या संदर्भात येते. जेथे यंत्र वापरले, तपासले व दुरुस्त केले गेले, तेथील कानांचा आणि हातांचा वृत्तान्त त्या इतिहासाला जोडणे आवश्यक आहे. साखळीवर काम केलेल्या मिस्त्र्यांची पिढी हयात आहे तोवरच तो त्यांच्या तोंडून टिपून घेता येईल.