बिडाच्या भांड्यांवरील रंग व किटण काढणे

बिडाची भांडी म्हणजे ओतीव लोखंडाचे तवे, कढया, आप्पेपात्रे इत्यादी स्वयंपाकाची भांडी होत. येथे ‘बीड’ हा शब्द ओतीव लोखंड या अर्थी असून परभणीशेजारच्या बीड जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. अडगळीत पडलेल्या अशा भांड्यांवर तेलाचे किटण, गंज व काही वेळा रंगही चढलेला असतो. हे थर काढून भांडे पुन्हा वापरात आणता येते. मात्र प्रत्येक थराची पद्धत वेगळी आहे.

थरांचे स्वरूप
तापलेल्या लोखंडावर तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कठीण पापुद्रा तयार होतो. हा काळा, गुळगुळीत पापुद्रा गंज रोखतो आणि भाकरी, धिरडे यांसारखे पदार्थ चिकटू देत नाही. तो काढण्याची गरज नसते. थरावर थर साचून खपल्या धरू लागल्या की त्यास किटण म्हणतात.

रंग काढणे
जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. म्हणून रंगवलेले भांडे कोरडे घासू नये, तसेच आगीत जाळू नये. रंग रसायनाने मऊ करून ओला असतानाच खरवडावा. ज्या भांड्यात कधी शिसे वितळवले असेल, ते स्वयंपाकास वापरू नये.

किटण काढणे
एक लिटर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून भांडे प्लास्टिकच्या बादलीत काही दिवस बुडवून ठेवतात. या द्रावणाने तैलरंगही सुटतो. सोडा नेहमी पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. रबरी हातमोजे व चष्मा आवश्यक आहेत. ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी ही पद्धत वापरू नये, कारण कॉस्टिक सोडा तो धातू खातो.

गोवऱ्यांच्या आगटीत तवा जाळण्याच्या पद्धतीने किटण निघते. तथापि बीड ठिसूळ असल्याने असमान उष्णतेमुळे भांडे तडकण्याची किंवा वाकण्याची शक्यता असते.

गंज काढणे
व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भांडे जास्तीत जास्त अर्धा तास ठेवतात. अधिक वेळ ठेवल्यास आम्ल लोखंडही झिजवते. चिंचेच्या कोळातील आम्लाचाही असाच उपयोग होतो.

तेलाचा नवा थर
उघडे पडलेले लोखंड लगेच गंजते. त्यामुळे भांडे धुतल्यावर मंद आचेवर पूर्ण कोरडे करून तेलाचा हात फिरवतात, जास्तीचे तेल पुसून घेतात आणि धूर निघेपर्यंत तापवतात. ही क्रिया तीन-चार वेळा करतात. तेल जाड लावल्यास थर चिकट राहतो.

वाळून घट्ट होणारी तेले या कामास योग्य ठरतात. जवस व करडई ही त्यांपैकी मराठवाड्यातील परिचित पिके होत. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे ७५ टक्के असते. याच गुणामुळे ते रंगनिर्मितीतही वापरले जाते. ‘परभणी कुसुम’ हा करडईचा वाण १९७२ साली स्थापन झालेल्या परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा आहे.