घासाची कुळकथा

आपस्तंब धर्मसूत्रात जेवणाचा हिशेब घासांत दिला आहे. संन्यस्त मुनीने आठ घास खावेत, वानप्रस्थाने सोळा, गृहस्थाने बत्तीस. ब्रह्मचाऱ्याला मात्र मोजमाप नाही. वाढत्या वयाच्या, अंगमेहनतीने शिकणाऱ्या पोराच्या ताटाकडे कोणी बोट दाखवू नये, हे तेव्हाच्या कायदेकर्त्यांनाही कळत होतं. जैन परंपरेतही पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस कवळांचाच. त्याहून कमी खाऊन उठणं म्हणजे ऊनोदरी, आणि ती तपात मोजली जाते.

पण घास केवढा? जैन ग्रंथ कोंबडीच्या अंड्याएवढा म्हणतात. चांद्रायण व्रत सांगताना याज्ञवल्क्य मोराच्या अंड्याएवढा म्हणतो. हे व्रत चंद्रकलेवर चालतं. शुक्ल पक्षात रोज एक घास वाढवायचा, कृष्ण पक्षात रोज एक कमी करायचा, अमावास्येला उपास. शुक्ल प्रतिपदेला सुरू केलं तर महिन्याच्या मध्यावर घास सर्वांत जास्त, म्हणून ते यवमध्य, जवाच्या दाण्यासारखं मधे फुगीर. पौर्णिमेनंतर सुरू केलं तर पिपीलिकामध्य, मुंगीच्या कमरेसारखं मधे बारीक. ज्याला ही चढउतार जमत नसेल त्याने महिन्याभरात कसेही मिळून 240 घास खावेत, अशी मनुस्मृतीची सवलत आहे. अन्नाचं माप आधी शेरात-पायलीत नव्हे, माणसाच्या हातात आणि तोंडात ठरलं, आणि ते मुख्यतः कुठे थांबायचं हे सांगण्यासाठी, हे मला या साऱ्यात फार मोलाचं वाटतं.

संस्कृतात ‘ग्रस्’ म्हणजे गिळणं. त्यावरून ग्रास. ‘घस्’ हाही खाण्याचाच धातू, त्यावरून घास म्हणजे गुरांचा चारा. हिंदीत घास म्हटलं की गवतच. तोंडात जातो तो कौर, म्हणजे आपला जुना कवळ, किंवा फारसीतून आलेला निवाला. मराठीने मात्र माणसाच्या तोंडचा घास याच शब्दात ठेवला. मूळ ग्रासही आपल्याकडे टिकला आहे, तो आकाशात. खग्रास आणि खंडग्रास ग्रहण आपण रोजच्या भाषेत म्हणतो. चांद्रायणात ज्याच्या कलांवर माणसाचे घास ठरतात, त्या चंद्राचाच तिथे घास होतो.

मराठीत घास एकट्याचा क्वचितच असतो. गोग्रास गाईचा, काकबळी कावळ्याचा. पोराला भरवताना चिऊचा एक, काऊचा एक असं म्हणत ताट संपवायचं, म्हणजे जेवणाऱ्याच्या आधी पाखरांची नावं. लग्नाच्या पंगतीत नवरानवरी उखाणा घेऊन एकमेकांना घास भरवतात. ‘तोंडचा घास काढून दिला’ याहून मोठं दातृत्व सांगायला आपल्याकडे शब्द नाहीत, आणि ‘घास घशाखाली उतरत नाही’ म्हटलं की दुःख वेगळं सांगावं लागत नाही.

सर्वांत जड वाक्प्रचार शेतकऱ्याचा: हातातोंडाशी आलेला घास गेला. द्राक्षं काढणीला आली असताना गारपीट झाली, कांदा शेतात पडून असताना अवकाळी आला, की हेच शब्द निघतात. तिथे घास म्हणजे वर्षभराचं पीक, कर्जाचा हप्ता, मुलीची फी. बातमीदारांनी तो वापरून वापरून गुळगुळीत केला असला तरी ज्याचं पीक आडवं झालंय त्याच्या तोंडी तो आजही शब्दशः खरा असतो.

आणि त्याच शेतकऱ्याच्या बांधावर घासाचा दुसरा अर्थही जिवंत आहे. दुभती जनावरं असलेल्या घरात ‘घास कापायला गेलेत’ म्हणतात तो लसूणघास. एकदा पेरला की दोन-तीन वर्षं कापणीमागून कापणी देतो, आणि म्हशीच्या दावणीत पडतो.